मोटरच्या पोटातलं लोखंड अखंड का नसतं?

मोटर जळाली की आपण सगळे वाईंडिंगबद्दलच बोलतो. किती किलो तांबं बसलं, वायर चांगली होती का, मजुरी किती घेतली. पण ते तांबं ज्या लोखंडात बसलेलं असतं त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि मला हे आता फार खटकतं, कारण आमच्या विहिरीवरची ५ एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेली) दीड वर्षात तीनदा जळाली आणि तिसऱ्या वेळी कळलं की दोष तांब्यात नव्हताच, लोखंडात होता. ते कसं कळलं ते पुढे सांगतो, पण त्याआधी ते लोखंड काय चीज आहे ते समजून घ्यावं लागेल.

वाईंडिंग काढलेला रिकामा स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा बाहेरचा भाग, कधी बघायला मिळाला तर जवळ जाऊन बघा. लांबून तो ओतीव लोखंडाचा नळकांडा वाटतो. पण आतल्या खाचेत बोट घालून नख ओढलं की बारीक बारीक रेघा लागतात, वहीच्या पानांच्या कडेवरून नख फिरवल्यावर लागतात ना अगदी तशा. ती पानंच आहेत. साधारण अर्ध्या मिलिमीटरचा एकेक पत्रा, प्रेसवर दाते पाडून कापलेला, आणि असे दोनेकशे पत्रे एकावर एक रचून दाबून बसवले की दहा सेंटिमीटर लांबीचा स्टेटर तयार होतो. मधून जो गोल तुकडा निघतो तोही वाया जात नाही, त्याच्यातूनच रोटरचा, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचा, पत्रा कापतात. वाईंडर लोक याला स्टॅम्पिंग म्हणतात, पुस्तकात लॅमिनेशन म्हणतात. पंख्यात हेच, मिक्सरमध्ये हेच, स्टॅबिलायझरमध्ये इंग्रजी ई आणि आय अक्षरांच्या आकाराच्या पत्त्या असतात त्याही हेच, आणि गावातल्या डीपीच्या, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या, टाकीत तेलात बुडालेलं जे लोखंड असतं तेही असंच पत्र्यांची चळत.

आता साधा प्रश्न पडतो की एवढा खटाटोप कशाला? एक ठोकळा ओतायचा, लेथवर फिरवायचा, खाचा पाडायच्या, काम झालं. स्वस्त पडेल, मजबूत होईल, सुटं काही राहणार नाही.

असा ठोकळा घालून मोटर फिरवली तर फिरेल. पण थोड्या वेळात वाईंडिंगला काही न होता नुसतं लोखंडच तापायला लागेल, आणि मग त्या उष्णतेने वाईंडिंग जळेल.

कारण असं. लोखंड तिथे कशासाठी घातलंय? चुंबकाच्या फ्लक्सला, म्हणजे चुंबकत्वाच्या प्रवाहाला म्हणा, वाट करून द्यायला. हवेतून फ्लक्स नेणं फार महागात पडतं, लोखंडातून तो सहज जातो, म्हणून कॉइलच्या आत लोखंड. आणि आपला सप्लाय ५० हर्ट्झचा, म्हणजे एका सेकंदात तो फ्लक्स ५० वेळा एका दिशेने वाढून उतरतो आणि ५० वेळा उलट्या दिशेने, थोडक्यात सतत हलता, सतत बदलता. १८३१ साली फॅरेडेने दाखवून दिलं की बदलत्या फ्लक्सभोवती जे कुठलं वेटोळं असेल त्याच्यात व्होल्टेज तयार होतं. यातला ‘कुठलं’ हा शब्द धरून ठेवा. तांब्याच्या कॉइलमध्ये व्होल्टेज यावं म्हणून तर आपण ट्रान्सफॉर्मर बनवतो, पण लोखंडही वीज वाहून नेतं, आणि फ्लक्सभोवती सगळ्यात जवळचं वेटोळं कुठलं असेल तर ते लोखंडाचं स्वतःचंच अंग आहे.

आकडा घालून बघू म्हणजे अंदाज येईल. समजा ट्रान्सफॉर्मरच्या कोअरची, म्हणजे कॉइलच्या आतल्या लोखंडाची, जाडी-रुंदी १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर आहे, फ्लक्सची घनता १.५ टेस्ला, सप्लाय ५० हर्ट्झ. तर त्या कोअरभोवती गुंडाळलेल्या प्रत्येक टर्नमध्ये साधारण ३.३ व्होल्ट येतात. तीन व्होल्ट म्हणजे दोन टॉर्चच्या सेलएवढे, तुम्ही म्हणाल त्यात काय. पण कोअर जर अखंड ठोकळा असेल तर त्याचं बाहेरचं सालपट म्हणजे एक टर्नच झाला की, आणि तो टर्न स्वतःवरच शॉर्ट झालेला, शिवाय त्याची ‘वायर’ काही सेंटिमीटर जाड, त्यामुळे रेझिस्टन्स जवळजवळ नाहीच, आणि अशा ठिकाणी एवढ्याशा व्होल्टेजवरही हजारो अँपिअर फिरायला लागतात. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी कुणी जाड सळई टाकून शॉर्ट केली तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा, तेच इथे आत होतंय, फक्त बाहेरून दिसत नाही.

या करंटला एडी करंट म्हणतात, आणि एडी म्हणजे भोवरा. नाव अगदी योग्य आहे, कारण तो करंट कुठून येऊन कुठे जात नाही, लोखंडाच्या अंगातच गोल गोल फिरत राहतो, पुरात नदीला भोवरे पडतात तसा. १८५५ साली पॅरिसमध्ये लेऑं फूकोने हे दाखवलं, तोच फूको ज्याने लंबक टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं होतं. त्याने तांब्याची चकती एका जोरदार चुंबकाच्या दोन टोकांमध्ये फिरवली, तर चकती फिरवायला जास्त जोर लागायला लागला आणि ती तापली. तांबं चुंबकाला चिकटत नाही हे आपल्याला माहीत आहे, तरीही चुंबक तिला अडवत होता, कारण चकतीत भोवरे उठत होते. घरी बघायचं असेल तर अल्युमिनियमचा जाडसर पाइप उभा धरा आणि वरून बटणासारखा जोरदार चुंबक आत सोडा, तो धपकन न पडता सावकाश उतरत उतरत खाली येतो. लहान मुलांना दाखवा, मोठी माणसंही दोन-तीनदा करून बघतात. घरात पूर्वी चकतीचा मीटर असायचा ना, त्या अल्युमिनियमच्या चकतीच्या कडेशी, तिला न टेकता, एक चुंबक बसवलेला असायचा, तो याच भोवऱ्यांच्या जोरावर चकतीला ब्रेक लावायचा, म्हणूनच लोड बंद केला की ती लगेच थांबायची.

भोवरा मोडायचा कसा? शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. रुंद नदीत भोवरा पडतो, हातभर रुंदीच्या पाटात पडत नाही, कारण गोल फिरायला जागाच नाही. तेच पाणी, तोच उतार, पण जागा अरुंद केली की भोवरा मरतो. लोखंडाचंही हेच केलं, त्याचे पाट पाडले. पातळ पत्रे कापले आणि दोन पत्र्यांच्या मध्ये वार्निशसारख्या इन्शुलेशनचा बांध घातला, की करंटला एका पत्र्यातून दुसऱ्यात जाता येत नाही, फिरायचं तर त्या अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीतच फिर.

इथे एक गोष्ट मला फार सुंदर वाटते, म्हणून थोडं थांबून सांगतो. पत्रा निम्म्या जाडीचा केला की लॉस, म्हणजे उष्णतेत वाया जाणारी वीज, निम्मा होत नाही, चौथाई होतो. आणि हे नुसतं सूत्र म्हणून पाठ करायची गरज नाही, बोटांवर मोजून पटतं. एक जाड पत्रा घ्या आणि त्याचे मधोमध दोन पातळ पत्रे करा. आता एका पातळ पत्र्याकडे बघा. त्याच्यातून जाणारा फ्लक्स निम्मा, म्हणून भोवऱ्याला ढकलणारं व्होल्टेज निम्मं. शिवाय करंटला जायची वाट निम्म्या जाडीची, म्हणून रेझिस्टन्स दुप्पट. उष्णता म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, तर वरती पाव आलं, खाली दोन आले, म्हणजे एका पातळ पत्र्यात आधीच्या जाड पत्र्याच्या एक अष्टमांश उष्णता. असे दोन पत्रे आहेत, म्हणून दोन अष्टमांश, म्हणजे पाव. झालं. तसंच दहा तुकडे केले तर शंभरावा हिस्सा, वीस केले तर चारशेवा हिस्सा. लोखंड तेवढंच, वजन तेवढंच, फ्लक्स तेवढाच, फक्त मध्ये पातळ पातळ रेघा मारल्या आणि उष्णता चारशेपट खाली आली. (जाड ठोकळ्यात हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही, कारण तिथले भोवरे इतके जोरदार असतात की ते फ्लक्सलाच आत शिरू देत नाहीत, तो पृष्ठभागाच्या मिलिमीटरभर थरात कोंबला जातो आणि आतलं लोखंड नुसतं वजन म्हणून पडून राहतं. म्हणजे तापणं वेगळं आणि वर लोखंडही फुकट.)

प्रत्यक्षातला आकडा सांगायचा तर ३ टक्के सिलिकॉन मिसळलेल्या लोखंडाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात १.५ टेस्लाला भोवऱ्यांचा लॉस किलोमागे साधारण ०.६ वॅट येतो. तोच पत्रा ०.२७ मिलिमीटरचा केला की ०.२ च्या खाली.

हर्ट्झचंही असंच वर्गात चालतं. फ्रिक्वेन्सी दुप्पट, तर एडी लॉस चौपट. त्यामुळे मोबाइलच्या चार्जरमध्ये, जिथे सेकंदाला लाखभर वेळा फ्लक्स बदलतो, तिथे पत्रा कितीही पातळ करा, पुरत नाही. तिथे फेराइट नावाचं काळं, मातीच्या भांड्यासारखं भाजून केलेलं चुंबकीय मटेरियल वापरतात, ते मुळात वीजच फारशी वाहून नेत नाही, म्हणून त्याला कापायची गरज नाही.

आता दिशेबद्दल, कारण इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो, माझाही होता. पत्रे कसेही रचून चालत नाहीत. फ्लक्स पत्र्याच्या अंगातून लांबीने गेला पाहिजे, वहीच्या पानावर रेघ ओढल्यासारखा, पानं भोसकून आरपार नव्हे. भोवरा नेहमी फ्लक्सच्या भोवती फिरतो, म्हणून फ्लक्स पत्र्यातून लांबीने गेला तर भोवऱ्याला एका पत्र्यातून दुसऱ्यात उडी मारावी लागते आणि तिथे बांध आडवा येतो. पण फ्लक्स पत्र्यांना आडवा भोसकून गेला तर भोवरा एकाच पत्र्याच्या सपाट अंगावर ऐसपैस फिरेल, कापल्याचा काही उपयोग नाही, शिवाय फ्लक्सला दर पत्र्यामागे इन्शुलेशनची फट ओलांडावी लागेल ते वेगळंच. मोटरमध्ये फ्लक्स दात्यातून बाहेर जातो, दात्यांमागच्या सलग कड्यातून, म्हणजे पाठीतून, गोल फिरतो आणि दुसऱ्या दात्यातून परत येतो, हे सगळं एकाच पत्र्याच्या अंगात होतं. म्हणून पत्रे शाफ्टवर चकत्यांसारखे रचलेले असतात, आणि भोवरा करंटला जायचं असतं शाफ्टच्या लांबीने, एका चकतीतून दुसरीत, नेमकी तीच वाट अडवलेली.

हा बांध किती जाड लागतो? अगदीच नाममात्र, काही मायक्रॉनचा थर. पुन्हा वरचा हिशोब घ्या, कोअरला ३.३ व्होल्ट, आणि १० सेंटिमीटरमध्ये अर्ध्या मिलिमीटरचे २०० पत्रे, तर एका पत्र्याच्या वाट्याला येतात साधारण १६-१७ मिलिव्होल्ट. एवढंसं व्होल्टेज अडवायला कोटिंगचा पातळ हात पुरतो, आणि तो पातळच हवा, कारण कोटिंगमधून फ्लक्स जात नाही, तेवढी जागा वाया. चांगल्या चळतीत शंभर भागांपैकी ९५-९७ भाग खरं लोखंड असतं.

पण याच पातळपणामुळे तो थर नाजूक असतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पत्रे कापणं हा उपाय तसा जुना. फ्रान्समध्ये झेनोब ग्रामने १८७१ साली त्याच्या डायनामोची रिंग लोखंडी तारेची गुंडाळून केली, तार म्हणजे दोन्ही बाजूंनी कापलेला पत्राच. १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपेर्नोव्स्की, ब्लाती आणि देरी या तिघांनी बंद कोअरचा ट्रान्सफॉर्मर आणला, त्यातही लोखंडाची तार आणि पत्रे वापरले होते. पुढच्या वर्षी अमेरिकेत विल्यम स्टॅनलीने ग्रेट बॅरिंग्टन गावात ट्रान्सफॉर्मर लावून दुकानांना वीज दिली. म्हणजे एसी वीज गावोगाव पोचायच्या आधीच लोखंडाचे पत्रे करावे लागतात हे माणसाला कळलेलं होतं, नाहीतर ती पोचलीच नसती.

पातळ करायला मर्यादा असते, कापायचा खर्च वाढतो, हाताळणं अवघड होतं. मग दुसरी बाजू धरली, लोखंडाचाच रेझिस्टन्स वाढवायचा. १९०० च्या आसपास शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी लोखंडात थोडं सिलिकॉन घालून बघितलं. तीनेक टक्के सिलिकॉनने रेझिस्टन्स चारपटीहून जास्त वाढतो, आणि आणखी एक मोठं काम झालं, पूर्वीचं साधं लोखंड काही महिने चाललं की त्याचा लॉस वाढत जायचा, ते म्हातारं व्हायचं म्हणा, सिलिकॉनने ते थांबलं. फार घालता येत नाही, पत्रा ठिसूळ होतो, प्रेसवर तडकतो. मग १९३० च्या दशकात अमेरिकेत नॉर्मन गॉसने पत्रा थंड लाटून आणि तापवून त्याचे कण एका दिशेला लावायची रीत काढली, त्यातून आलं ते सीआरजीओ, जे आज डीपीपासून मोठ्या सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळीकडे आहे. ते लाटल्याच्या दिशेने फ्लक्स फार सहज नेतं आणि आडव्या दिशेने तेवढं नाही, म्हणून कोपऱ्यात पत्रे ४५ अंशात कापून जोडतात. मोटरला हे चालत नाही, तिथे फ्लक्स फिरता असतो, सगळ्या दिशांनी जातो, म्हणून मोटरला दिशा नसलेला पत्रा.

डीपीच्या बाबतीत हा लॉस जास्त महत्त्वाचा आहे, कारण डीपी कधी बंद होत नाही. रात्री सगळं गाव झोपलं, एकही बल्ब चालू नाही, तरी कोअरमध्ये फ्लक्स फिरतोच आहे आणि लॉस चालूच आहे. कोअरमध्ये नुसते १०० वॅट जात असतील तर वर्षाचे ८७६० तास गुणिले, ८७६ युनिट गेले, कुणी काही न वापरता. एका डीपीचे. राज्यात अशा किती डीपी असतील याचा विचार करा, मग ०.३० चा पत्रा ०.२३ वर आणायला लोक एवढी धडपड का करतात ते पटतं. आता तर अमॉर्फस नावाचा पत्रा येतो, वितळलेला धातू फिरत्या थंड ड्रमवर ओतून झटक्यात गोठवलेला, जाडी फक्त ०.०२५ मिलिमीटर, अॅल्युमिनियम फॉइलसारखा, त्याने हा नो-लोड लॉस निम्म्याहून जास्त खाली येतो.

दोन गैरसमज इथेच दूर करतो. एक, पत्रे केल्याने लोखंडातला सगळा लॉस जातो असं नाही. लोखंडाला दर वेळी उलटसुलट चुंबकीत करताना आतल्या आत जे घर्षणासारखं होतं, हिस्टेरेसिस म्हणतात त्याला, ते कापण्याने कमी होत नाही, ते लोखंडाच्या जातीवर असतं, सिलिकॉनने आणि चांगल्या भट्टीच्या प्रक्रियेने कमी होतं. दुसरं, डीपी गुणगुणते ते पत्रे ढिले झालेत म्हणून, असं सगळे म्हणतात. ढिले असतील तर खडखडाट वाढतो हे खरं, पण घट्ट बसलेली कोअरही गुणगुणतेच, कारण फ्लक्समुळे पत्र्याची लांबी अगदी सूक्ष्म प्रमाणात बदलते आणि ते फ्लक्स कुठल्याही दिशेला असला तरी होतं, म्हणून ५० हर्ट्झवर १०० हर्ट्झची गुणगुण.

आणि जिथे फ्लक्स बदलतच नाही तिथे पत्रे लागत नाहीत, हे बघितलं की सगळं पक्कं बसतं डोक्यात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात मिनिटाला ३००० फेऱ्यांनी जनरेटर फिरतात, त्यांचा रोटर पोलादाचा अखंड घडीव ठोकळा असतो, पत्रा एक नाही. त्याला डीसी दिलेला असतो आणि फ्लक्स त्याच्याच बरोबरीने फिरतो, म्हणजे रोटरवर बसून बघितलं तर फ्लक्स जागचा हलत नाही, भोवरा कुठून येणार? पण त्याच्याच बाहेरचा स्टेटर, ज्याच्यावरून तो फ्लक्स सेकंदाला ५० वेळा झाडू मारल्यासारखा जातो, तो मात्र हजारो पत्र्यांचा. एकाच मशिनमध्ये दोन्ही. आणि इंडक्शन शेगडीत आपण उलटं करतो, भोवरे हवेच असतात, म्हणून जाड बुडाचं लोखंडी भांडं ठेवतो आणि ते भांडंच तापतं.

आता आमच्या मोटरकडे.

तिसऱ्यांदा जळाल्यावर मी ती नेहमीच्या दुकानात न नेता तालुक्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी जुनं वाईंडिंग काढलं आणि नवीन भरायच्या आधी रिकामा स्टेटर टेबलावर ठेवला. मग वेल्डिंगची जाड केबल स्टेटरच्या पोटातून आरपार नेऊन बाहेरून परत, अशी पाच-सहा वेळा गुंडाळली आणि वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरचं हँडल सगळ्यात कमीवर ठेवून तिच्यातून करंट सोडला. म्हणजे स्टेटरची पाठ हीच एक कोअर झाली आणि तिच्यात गोल फ्लक्स फिरायला लागला. दहा मिनिटं थांबलो. मग सप्लाय बंद करून अण्णा म्हणाले, ‘हात घाल आत, सगळीकडनं फिरव.’ मी फिरवला, कोमट होतं सगळं, आणि एका जागी आलो आणि हात झटकन मागे घेतला. चटका बसला. तीन-चार दाते, अंगठ्याएवढी जागा, बाकी सगळं कोमट आणि तेवढंच भाजतंय.

अण्णांनी तिथे बॅटरी मारून दाखवलं. दात्यांच्या तोंडाशी पत्र्यांच्या रेघा दिसतच नव्हत्या, लोखंड चोपडं झालेलं, जणू कुणी बोटाने सारवलंय. ‘बेअरिंग गेलं होतं का कधी?’ गेलं होतं, पहिल्या वेळी, रोटर घासत होता. ‘मग घासून पत्रे एकमेकात मिसळले, वरनं कुणीतरी कानस मारली, आणि वाईंडिंग काढताना गॅसची ज्योत लावून लाल केलंय, हे बघ रंग.’ खाचेत निळसर-काळा डाग होता.

तेव्हा मला एक गोष्ट विचारायची राहिली होती ती विचारली, की स्टेटरच्या बाहेरच्या अंगाला तर पत्रे जोडायला वेल्डिंगची उभी रेघ कारखान्यातूनच मारलेली असते, तीही सगळे पत्रे जोडतेच की, मग तिने का बिघडत नाही? अण्णांनी बोटाने हवेत गोल काढला. एका बाजूला जोडलं तर वेटोळं पूर्ण होत नाही, करंट जाईल कुठे? पण बाहेरून ती रेघ आहेच, आता आतूनही पत्रे जुळले, म्हणजे बाहेरून वर, आतून खाली, वाट पूर्ण झाली. आणि या दोन जोडांच्या मध्ये पाठीचा सगळा फ्लक्स. तेवढ्या जागेपुरता आमचा स्टेटर पुन्हा अखंड ठोकळा झाला होता, आणि जे वाईंडिंग तिथे भराल ते भाजूनच निघणार. दोनदा नवं तांबं भरलं, दोनदा पैसे दिले, आणि दोष खाली तसाच.

म्हणून कळकळीने सांगतो, मोटर रिवाइंडिंगला दिली की जुनं वाईंडिंग कसं काढणार ते विचारा. वार्निश कडक झालेलं असतं, नुसतं ओढून निघत नाही, हे मान्य, पण लाकडात टाकून जाळणं किंवा ज्योत लावून लाल करणं यात पत्र्यांमधलं कोटिंग जातं आणि ते डोळ्याला दिसत नाही. नीट करायचं तर एका बाजूची वाईंडिंगची बाहेर आलेली डोकी कापायची, तापमानाचा काटा असलेल्या भट्टीत ३५०-३७० अंशांच्या वर न जाऊ देता तापवायचं आणि दुसऱ्या बाजूने ओढायचं. बोअरच्या पाणी भरलेल्या मोटरमध्ये प्लास्टिक कव्हरची वायर असते, तिथे हा प्रश्न येत नाही, तिथे ओढूनच काढतात. खाचेत कानस मारू देऊ नका. बेअरिंगचा आवाज आला तर पाण्याची पाळी संपेपर्यंत थांबू नका, रोटर एकदा घासला की नुकसान बेअरिंगच्या किमतीच्या किती पुढे जातं ते मी भोगलंय. आणि हो, ती केबलची टेस्ट घरी करून बघू नका, ते करंट थोडेथोडके नसतात, जाणकाराकडूनच करून घ्या.

अण्णांकडे त्याच फ्रेमच्या एका मोडीतल्या मोटरचा स्टेटर पडलेला होता. त्याचीही तीच टेस्ट केली, हात गोल फिरवला, सगळीकडे सारखा कोमट. त्याच्यात वाईंडिंग भरलं. जुन्या कोअरवर दुसऱ्या रिवाइंडिंगनंतर मी एकदा रिकामी चालवून क्लॅम्प मीटर लावला होता तेव्हा ४.८ अँपिअर आले होते आणि मला वाटलं होतं ठीक असेल, वीस मिनिटांत बॉडीला हात लावायला नको असं व्हायचं तरीही. नवीन कोअरवर टेबलावर, पाण्याशिवाय, ३.१ आले. अण्णांनी तो आकडा आणि तारीख मार्करने स्टार्टरच्या झाकणावर आतल्या बाजूने लिहून दिली, पुढे कधीही मोटर उघडली आणि परत भरली तर याच्याशी ताडून बघायला.